आदल्या दिवशीची दोघं

सहादेव आणि मी थाळी खेळायचो. थाळी म्हणजे जेवायची नव्हे. पिवळ्या प्लास्टिकची, कड आत वळवलेली, वीतभरापेक्षा थोडी रुंद. दुष्काळात गहू आणि दुधाची भुकटी वाटायला एक परदेशी संस्था आली होती. तिच्यातला लालबुंद चेहऱ्याचा एक अमेरिकन तीन महिने नगरला राहिला. संध्याकाळी तो भिंगारच्या पुढच्या मैदानात ती थाळी फेकत बसायचा. सहादेव हायस्कुलात पी.टी.चा मास्तर, कॉलेजात थाळीफेकीत नाव काढलेला. दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती, पण हात जुळले. जाताना त्यानं थाळी सहादेवला देऊन टाकली.

खेळ आम्हीच बसवला. एका दगडापाशी उभं राहायचं आणि लांबचं एखादं झाड ठरवायचं. थाळी पडेल तिथून पुढची फेक. बुंध्याला लागेपर्यंत जितक्या कमी फेकी, तितकं चांगलं. मला सात-आठ लागायच्या, त्याला चार.

मी सरकारी कचेरीत नकाशे काढायचो. जे दिसलं ते, जिथं दिसलं तिथं, एवढंच कागदावर उतरवायची मला सवय आहे. पुढचंही तसंच उतरवतो आहे.

बहात्तरच्या मार्गशीर्षात सहादेवची बायको मनकर्णा काविळीनं गेली. लग्नाला चार वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं. त्यानंतर तो शाळेत जायचा, शिट्टी वाजवायचा, घरी यायचा. बोलणं संपलं, खेळही थांबला. माझी बायको केशर त्याला रोज डबा पाठवायची. निम्मा डबा परत यायचा. मे महिन्याची सुट्टी लागली तशी ती म्हणाली, "अहो, सहादेवभावजींना कुठंतरी बाहेर काढा. असंच बसून राहिले तर माणूस हातचा जाईल."

तेव्हा मला ती कल्पना सुचली. मोजणीच्या कामानं मी निम्मा जिल्हा पायाखाली घातला होता. कुठल्या माळावर एकटं झाड आहे, कुठं ओढ्याला सपाट काठ आहे, मला माहीत होतं. सहादेवकडे जुनी राजदूत होती. तीन दिवस, पाच माळ. प्रत्येक ठिकाणी एक डाव.

शनिवारी संध्याकाळी मी त्याच्याकडे जाऊन नकाशा फरशीवर पसरला. पाच ठिकाणी पेन्सिलीनं आकडे टाकायचे होते. आधी तो नुसता भिंतीला टेकून बसला. मी बोलत राहिलो.

"हा करंजी घाटाच्या खाली. एकटा लिंब आहे, दोनशे पावलांवर."

"वारा?" त्यानं विचारलं.

पाच महिन्यांत त्यानं आपणहून विचारलेला तो पहिला प्रश्न होता.

"सकाळी पश्चिमेचा. दुसरा तिसगावच्या अलीकडे, ओढ्यात. तिसरा पाथर्डीच्या बाहेर, चौथा शेवगावला जाताना. पाचवा अजून ठरवला नाही."

तो पुढं सरकला आणि त्यानं शेवगावच्या पूर्वेला, बोधेगावच्याही पुढं बोट ठेवलं. "पाचवा इथं. चिंच आहे एक. मनकर्णाच्या माहेरची वस्ती."

"तिथं कोण आहे आता?"

"कोणी नाही. उसाला गेले ते या वर्षी परतलेच नाहीत." बोट त्यानं उचललं नाही. "सोमवारी निघू. उद्या मी गाडी बघून घेतो."

निघताना मी मागं पाहिलं. तो अजून नकाशावर वाकलेला होता, आणि तोंडावर हसू होतं. मला बरं वाटलं. हे मुद्दाम लिहितो, कारण पुढं कित्येक वर्षं मला तेच हसू आठवत राहिलं.

रविवारी केशरनं डबा पाठवला तर त्याच्या दाराला कुलूप होतं. गाडी घेऊन कुठं गॅरेजला गेला असेल, असं आम्ही धरलं.

सोमवारी सकाळी सहाला हॉर्न वाजला. मी पिशवी खांद्याला अडकवून बाहेर आलो. सहादेव गाडीवरून उतरला नाही. केशरनं दारातून चहा विचारला तर त्यानं नुसती मान हलवली. "उशीर होतोय," एवढंच मला म्हणाला.

त्या वर्षी नगरच्या पूर्वेला हिरवं असं काही उरलं नव्हतं. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना खडीचे ढीग, त्यांच्यामागं ओळीनं बसलेली माणसं, हातोड्यांचा सुटा सुटा आवाज. बैल कुठं दिसलाच तर त्याच्या बरगड्या मोजता याव्यात. घाट उतरल्यावर डाव्या हाताला तो माळ लागला. लिंबाला पानं होती, पण धुळीनं पांढरी पडलेली.

माळावर गाडी घातली आणि मला चाकाची खूण दिसली. रस्त्यापासून थेट त्या दगडापर्यंत, ताजी.

मी आठ फेकी घेतल्या. सहादेवनं चार. पूर्वी फेकताना तो गर्रकन फिरायचा, तोंडानं हुंकार द्यायचा. आज नुसता हात पुढं गेला आणि थाळी निघून गेली.

जवळच खडी फोडणारी एक बाई हातोडा थांबवून बघत होती. शेजारच्या बायका तिला लंकाबाई म्हणत होत्या. मी पाणी प्यायला तिच्या माठापाशी गेलो.

"काल बी हाच खेळ केला," ती म्हणाली. "चार येळा फेकली आन झाडाला लावली. त्यात काय मिळतं वो?"

"काल? काल आम्ही नव्हतो, मावशी."

तिनं माझ्याकडे नीट पाहिलं. "तुमी न्हवता," ती म्हणाली, आणि पुन्हा दगडाकडे वळली.

दुष्काळी कामांवर रोज कोणी ना कोणी साहेब यायचे, फिती टाकायचे. बाईचा गोंधळ झाला असेल. पण पिवळी थाळी साऱ्या जिल्ह्यात एकच होती, आणि ती शनिवारपासून माझ्या पिशवीत होती. गाडी चालू झाल्यावर मी सहादेवला हे ओरडून सांगितलं. त्यानं मागं वळून पाहिलं नाही.

तिसगावच्या ओढ्यात बांधाचं काम चालू होतं. तिथला मुकादम बन्सी माझ्या ओळखीचा. सहादेव दगडापाशी जाऊन उभा राहिला तेव्हा बन्सीनं मला बांधाच्या आडोशाला बोलावलं.

"साहेब, काल मास्तर आल्ते इथं."

"एकटे?"

"न्हाई. काल बाई मागं बसली हुती." तो पायानं माती उकरत होता. "हिरवं लुगडं, कपाळभर मळवट. उतरली न्हाई. मास्तर खेळले, ती बगत हुती. मी रामराम केला तर मास्तरांनी केला, तिनं न्हाई."

मनकर्णा सवाष्ण गेली होती. तिला हिरवं लुगडं नेसवलं, मळवट भरला, तेव्हा मी तिथं उभा होतो.

"बन्सी, मास्तर काल नगरात होते."

"असतील," बन्सी म्हणाला. सहादेव उभा होता तिकडे त्यानं एकदा पाहिलं आणि चटकन नजर काढून घेतली. "तुमी आज यस्टीनं का न्हाई गेला?"

मी सहादेवकडे गेलो. त्याचा डाव संपला होता. थाळी त्यानं माझ्या हातात दिली. बारा वाजायला आले होते, तव्यासारखी जमीन तापली होती, आणि त्याच्या सदऱ्यावर घामाचा एक डाग नव्हता.

"पाणी पी," मी म्हणालो.

"नको."

"सकाळपासून घोटभर प्यायला नाहीस."

"गोरक्ष, पुढचा माळ कुठला?"

पाथर्डीत मी केशरनं दिलेल्या भाकऱ्या सोडल्या. त्यानं हात लावला नाही. तिथल्या माळावर पुन्हा चाकाची खूण होती, आणि दगडाजवळ धुळीत अनवाणी पावलं उमटलेली होती, लहान, बाईची. मी त्यांच्याकडे बघतो आहे हे त्यानं पाहिलं. मग त्या पावलांच्या शेजारी, ती मोडू न देता, तो उभा राहिला आणि त्यानं थाळी फेकली.

शेवगावच्या वाटेवर मी गाडी थांबवायला लावली. चौथा माळ समोर होता. मी उतरलो.

"सहादेव, आपण परत जाऊ."

"का?"

"काल तू कुठं होतास?"

तो पूर्वेकडे बघत राहिला. ऊन इतकं होतं की क्षितिज हलत होतं.

"लोक सांगतायत, काल तू या वाटेनं गेलास. बरोबर बाई होती. खरं काय आहे ते मला सांग. मी तुझा मित्र आहे ना?"

"तू चांगला आहेस, गोरक्ष," तो म्हणाला. आवाज मऊ होता. "तू काढलंस मला घराबाहेर."

"मग चल परत."

"तू इथून यस्टीनं जा. पाचव्या ठिकाणी तुझं काम नाही."

"मी तुला एकटा सोडणार नाही."

"एकटा कुठं आहे?"

त्यानं हात पुढं केला. मी थाळी दिली. का दिली, मला आजही सांगता येत नाही. गाडी निघाली. वळणापर्यंत धूळ दिसली, मग तीही बसली. माझ्या घड्याळात तीन वाजून दहा मिनिटं झाली होती.

मी चालत शेवगावला आलो आणि तिथल्या स्टँडवर संध्याकाळपर्यंत बसून राहिलो. तो आला नाही. तिथं एका ओळखीच्या कारकुनाकडे मुक्काम केला आणि मंगळवारी पहिल्या गाडीनं बोधेगाव गाठलं. पुढची दोन कोस वाट चाललो.

लांबूनच चिंच दिसली. खाली माणसं उभी होती. पोलीस पाटील होते, दोन शिपाई होते.

सहादेव बुंध्याला टेकून बसला होता. डोळे मिटलेले. थाळी मांडीवर.

एका मेंढपाळाला तो सकाळी दिसला होता. मी जवळ गेलो आणि नाकाला धोतराचा सोगा लावला. अंगाला वास सुटला होता. मुंग्यांची ओळ त्याच्या पायावरून बुंध्यावर चढली होती.

राजदूत चार पावलांवर उभी होती. सीटवर धुळीचा सारखा थर. मागच्या चाकाच्या तारांपासून जमिनीपर्यंत कोळ्यानं जाळं विणलं होतं, पुरतं, कुठंही न तुटलेलं. त्याच सीटवरून मी काल तीनला उतरलो होतो.

तालुक्याच्या डॉक्टरांनी तपासलं. उन्हानं किंवा हृदय बंद पडून, असं ते म्हणाले. अंगावर जखम नव्हती, विषाची खूण नव्हती. मृत्यू रविवारी दुपारी.

"सोमवारी संध्याकाळी," मी म्हणालो.

"रविवारी," ते म्हणाले. "उन्हाचा फरक धरूनही."

फौजदार सभ्य माणूस होता. माझा जबाब त्यानं दोनदा वाचला. "तुमचं आणि डॉक्टरांचं जुळत नाही," तो म्हणाला. "माणूस रविवारी मेला, आणि तुम्ही लिहून देताय की सोमवारी त्यानं तुम्हाला शेवगावपर्यंत आणलं. हे मी असंच वर पाठवलं तर पहिला संशय तुमच्यावर येईल. सोमवारी तुम्हा दोघांना एकत्र पाहिलेला कोणी आहे?"

मी लंकाबाईचं नाव सांगितलं, बन्सीचं सांगितलं. केशरनं तर दारातून चहा विचारला होता.

त्याच दिवशी केशरला बोलावणं गेलं. ती आली, पदर तोंडाला लावून उभी राहिली, आणि म्हणाली की गाडीवर कोण होतं ते तिला नीट दिसलं नाही. सूर्य समोर होता. मग ती माझ्याकडे न बघता बाहेर जाऊन बसली. बन्सीनं सोमवारी आपण कामावरच नव्हतो असं लिहून दिलं. लंकाबाई काम सोडून मुलखाला निघून गेली होती.

बुधवारी फौजदारानं मला जीपमध्ये घातलं आणि शेवटचा प्रयत्न म्हणून सारा रस्ता उलटा तपासला. करंजी घाटाच्या माथ्यावर एका झोपडीपाशी जीप थांबली. कामावर जाणाऱ्यांना तिथं साळूबाई नावाची म्हातारी पाणी देत असे. पहाटेपासून दिवस मावळेपर्यंत ती रस्त्याच्या कडेलाच बसलेली असायची. तिथून खालून येणारी प्रत्येक गाडी दिसते.

"आजी, सोमवारी सकाळी या साहेबांना पाहिलंत का?" फौजदारानं विचारलं.

म्हातारीनं डोळ्यांवर आडवा हात धरला आणि मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"व्हय की. पाहिलं ना. फटफटीवर हुते."

माझा जीव भांड्यात पडला. फौजदारानं वही उघडली.

"गाडी कोण चालवत होतं?"

साळूबाईनं पाण्याचा तांब्या खाली ठेवला. माझ्याकडे बघायचं तिनं टाळलं.

"ह्ये मागं बसल्ते. मोठमोठ्यानं बोलत हुते," ती म्हणाली. "पुढं बाई हुती. हिरव्या लुगड्याची."

फौजदाराचा हात वहीवर थांबला. "आणि ती बाई काय बोलत होती?"

"ती कशी बोलंल, बाबा," म्हातारी म्हणाली. "तोंडात तुळशीचं पान हुतं तिच्या."