उंबऱ्याबाहेरचा

सैनिक स्मृती भवनाच्या दारात रॅम्प करायचा, काम एवढंच. चढताना म्हाताऱ्या जवानांचे गुडघे बोलायचे, चाकाची खुर्ची तर खालीच अडायची. म्हणून उंबऱ्याबाहेरची रुंद दगडी पायरी उद्या फोडायची ठरली होती आणि आर्किटेक्ट तेजस्वी भर दुपारी मापं घ्यायला आली होती. कोल्हापुरात चैत्राचं ऊन मी म्हणत होतं.

टेप धरायला तिनं हात टेकला आणि झटकन उचलला. पायरी तव्यासारखी तापली होती. मधोमध मात्र पावलाएवढ्या दोन जागा गार लागत होत्या, शेजारी शेजारी. खाली पाइप नव्हता, वर सावली नव्हती. तेजस्वी जात्याच चौकस. मुळाशी गेल्याशिवाय तिला चैन पडायचं नाही.

"आकारामकाका, हे काय हो?"

आकाराम इथले राखणदार, स्वतः माजी हवालदार. पायरीवर पाय न ठेवता ते कठड्यावरून बाजूला उतरले. ती आल्यापासून ते तसेच उतरत होते, हे तिच्या आत्ता ध्यानात आलं.

"पहिल्या महायुद्धावरनं जे परत आले त्यांच्या घरच्यांनी हे भवन बांधलं. रणातनं आलेला गडी थेट घरात न्हाय न्यायचा. हितं उभा करायचा. घरच्या बाईनं भाकरतुकडा ओवाळून टाकायचा, पायावर पाणी घालायचं. आनि जिनं ओवाळलं तिनंच त्येला घरी न्यायचं."

"आणि ज्यांना ओवाळायला कुणी आलंच नाही?"

आकाराम पायरीकडे बघत राहिले. "ते उभं हाईत की."

तेजस्वीला हसू आलं, पण ते पुरतं फुटलं नाही. तेवढ्यात कसबा बावड्याहून रिक्षा आली. सत्तरी ओलांडलेल्या धोंडुबाई उतरल्या, हातात तांब्या आणि फडक्यात भाकरी. त्यांचे गणपतराव एकाहत्तरच्या लढाईत बेपत्ता झाले, ते आजतागायत.

"पायरी फोडताय म्हनं. मग आमच्यांनी येऊन उभं कुठं ऱ्हायचं, पोरी?"

तेजस्वीला भरून आलं. म्हातारीच्या मनाला तेवढाच विसावा, असं वाटून ती बोलून गेली, "आजी, आजच ओवाळा ना."

"मॅडम, नगं," आकाराम म्हणाले.

"त्यांचा पाय मी हजारात वळखीन," धोंडुबाई म्हणाल्या. "डाव्या पायाची करंगळी शेजारच्या बोटावर चढलेली. अंगनात ओला पाय टेकला की चारच बोटं उमटायची."

त्यांनी भाकरतुकडा ओवाळून लांब टाकला आणि तांब्या कलता केला.

पाणी पायरीभर पसरलं. त्या दोन जागांना मात्र ते शिवलं नाही. मधे दोन कोरडी पावलं उरली, टाचा रस्त्याकडे, बोटं दाराकडे.

धोंडुबाई गुडघे धरून वाकल्या. डाव्या पायाची बोटं त्यांनी मोजली. पुन्हा मोजली.

"पाच हाईत. ह्यो आमचा न्हवं."

मग पाणी हळूहळू त्या पावलांत शिरलं आणि ठसे बुजले.

धोंडुबाईंनी रिकामं फडकं झटकलं. "आता कुनाचा का असंना. ओवाळलंय मी. परत उन्हात उभा कसा करू त्येला? पन पायरी फोडू नगासा. आमचं अजून यायचं हाईत."

त्या रिक्षात बसल्या आणि कडेला सरकल्या. मोकळ्या बाजूला रिक्षा हळूच खचली. रिक्षावाल्यानं एकदा मागं वळून पाहिलं आणि गाडी चालू केली.

रिक्षा वळणाआड गेली तोवर पायरी वाळून तापलीही होती.

तेजस्वीनं मधोमध हात ठेवला. दोन्ही जागा पुन्हा गार होत्या.

डाव्या पावलाच्या टोकावरून तिनं बोट फिरवलं.

गार ठिपके चारच होते.