पांढऱ्या बोटीविरुद्ध दोन साक्षीदार

"माझ्या आत्याच्या बोटीने डॉल्फिनला जखम झालेली नाही! साफ खोटं आहे हे!"

भिंगरी इतक्या जोरात ओरडली की तिकिटाच्या रांगेतल्या सगळ्या माना धक्क्याकडे वळल्या.

"खोटं?" मोठ्या पांढऱ्या बोटीच्या मालकाने टोपी मागे सरकवली. सगळे त्याला कॅप्टन म्हणत. "त्याच्या पाठीवर इंजिनाच्या पंख्याचे तीन घाव आहेत. असलं भंगार चालवणारं इथे दुसरं आहे कोण? अकरा वाजता बंदर अधिकारी बाई येताहेत. परवाना गेलाच म्हणून समज!"

"मुक्या जिवाच्या जिवावर उठतात मेले!" रांगेतून कुणीतरी बोललं.

आत्या बोटीतलं पाणी उपसत राहिली. बारा वर्षं ती इथे पर्यटकांना फिरवत होती. परवाना गेला तर बोट विकावी लागणार होती, हे भिंगरीला ठाऊक होतं. तिच्या तळपायाची आग मस्तकाला गेली.

"नुसतं ओरडून काय होणार?" चुलतभाऊ वही उघडत म्हणाला. सुट्टीतही सगळं लिहून ठेवायची खोड, म्हणून तो प्रोफेसर. "आत्या शंभर हात लांबच इंजिन बंद करते आणि वल्ही मारते. मग पंखा लागेल कसा? पण हे सिद्ध कसं करायचं? बघ, चार दिवसांची नोंद आहे. आपल्याकडे डॉल्फिन कधी येतात, कधी नाही. कॅप्टनकडे रोज! आणि त्याआधी दर वेळी आवाज येतो. टक टक टक... टक!"

"तो कॅप्टनच्या बोटीच्या मागच्या डाव्या खिडकीतला माणूस डब्यावर झाकण आपटतो!" प्रोफेसरची आठ वर्षांची बहीण लवंगी मध्येच तडतडली. "मी दुर्बिणीतून पाहिलंय. मला वाटलं, गाणं म्हणतोय."

"गाणं कसलं! मासे खायला घालतात ते!" भिंगरीने कपाळावर हात मारला. खायला घालायला सक्त मनाई होती. धक्क्यावर हातभर अक्षरांत तसं लिहिलेलं होतं, आणि हाच कॅप्टन भोंग्यावरून ते रोज वाचून दाखवायचा. लबाड कुठला!

अकरा वाजता अधिकारी बाई आल्या. चेहरा कोरडा, काखेत फाइल. आत्याचा परवाना मागून घेऊन त्यांनी तो फाइलमध्ये ठेवला.

"मुलांनी मध्ये बोलायचं नाही," त्यांनी आधीच बजावलं.

"फक्त अर्धा तास, बाई!" भिंगरी तरीही बोललीच. "आमच्या बोटीतून चला. खाडीत इंजिन बंद, नुसती वल्ही. मग काय तो निर्णय द्या."

कॅप्टन खो खो हसला. "जा, जा! मीही येतो प्रवासी घेऊन. फुकटचा तमाशा कोण सोडतो?"

खाडीच्या मध्यावर भिंगरीने रिकामा पत्र्याचा डबा मांडीवर घेतला. टक टक टक... टक! काही नाही. पांढऱ्या बोटीवरून शिट्ट्या आल्या. तिने दात ओठ खात पुन्हा वाजवलं.

आणि दोन पंख दिसले! पाणी कापत डॉल्फिन थेट बोटीपाशी आले आणि आ वासून डोकी वर काढून थांबले. एकाच्या पाठीवर तीन ओले घाव होते.

बाई ताडकन उठल्या. "यांना हे कुणी शिकवलं?"

"अहो, यांनीच!" कॅप्टन भोंग्यावरून गरजला. "डबा बघा ना कुणाकडे आहे ते!"

डाव उलटलाच की! पण डॉल्फिनना रिकाम्या डब्याशी काय करायचं होतं? ते वळले आणि सरळ निघाले पांढऱ्या बोटीकडे. तिचं इंजिन अजून धडधडत होतं.

"इंजिन बंद करा!" भिंगरी किंचाळली. "कापले जातील ते!"

"बंद करा! आत्ता!" बाईंचा आवाज तिच्याहून मोठा निघाला.

इंजिन थांबलं. डॉल्फिन बोटीच्या मागच्या बाजूला गेले आणि नेमके डाव्या खिडकीखाली आ वासून उभे राहिले. खिडकीशी उभ्या असलेल्या एका लहान मुलीने आत डोकावलं.

"बाबा, इथे डबाभर मासे आहेत!"

आता कुणी शिट्टी वाजवली नाही.

धक्क्यावर परतल्यावर बाईंनी पांढऱ्या बोटीला सील ठोकलं. "पंख्यापाशी बोलावून बोलावून घाव घातलेत तुम्ही," त्या कॅप्टनला म्हणाल्या. मग आत्याकडे वळून त्यांनी परवाना तिच्या हातात परत दिला. "माझी चूक होत होती. पोरांनी वाचवलं. शाबास रे!"

"अहो, माझी माया होती त्यांच्यावर," कॅप्टन पुटपुटला.

"असली माया तुमच्याजवळच ठेवा!" भिंगरी फणकारली. आत्याने पहिल्यांदाच तिला दटावलं नाही. उलट तिघांना जवळ ओढून म्हणाली, "तुमच्यासारखी भांडखोर पोरं हवीतच घरात!"

पण भिंगरीचा राग काही उतरेना. डॉल्फिन रोज येत आणि बांधून ठेवलेल्या बोटीच्या खिडकीखाली ताटकळत. ते बघवत नव्हतं. आत्या म्हणाली, "काही करायचं नाही. हाकही मारायची नाही. सवय मोडू दे त्यांची."

पाचव्या दिवशी ते आलेच नाहीत. दूर, खाडीच्या तोंडाशी, दोन पंख माशांच्या थव्यामागे धावताना दिसले. आत्याने इंजिन बंद केलं. भिंगरी श्वास रोखून बघत राहिली. त्यांनी एकदाही वळून पाहिलं नाही, आणि तिला इतका आनंद झाला की रडूच फुटलं.