चातुर्मासातला लसूण

हरतालिकेच्या आदल्या दिवशी वैजयंती बुधवारच्या बाजारातून पूजेची पत्री घेऊन घरी आली. पाय धुऊन तिनं माजघरात पाऊल टाकलं, आणि जागच्या जागी थबकली.

लसूण.

चातुर्मासात तिच्या घरात कांदा-लसूण उंबऱ्याच्या आत येत नसे. लग्न होऊन आल्यापासून एकही चातुर्मास बाटला नव्हता. आणि आता कितीतरी दिवस हा वास. फोडणीचा खमंग नव्हे. शिळा, दमट, कुणी अगदी कानाशी येऊन श्वास सोडावा तसा.

"तृप्ती, खरं सांग बाई. रागावणार नाही मी."

सुनेनं कणकेचे हात कमरेवर ठेवले. "मम्मी, कसम से! हवं तर तोंड हुंगा माझं. आऽ..."

वैजयंतीनं खरंच हुंगलं. नुसती बडीशेप.

"आता डबे हुंग, मांजर हुंग," ओसरीवरून निरंजनरावांचा आवाज आला. नवरा रिटायर झालेला मास्तर, थट्टा केल्याशिवाय अन्न पचत नसे. "लसणाचं भूत लागलंय हिला!"

वैजयंती हसली. पण संशयाचं केळीच्या चिकासारखं असतं. एकदा पदराला लागला की धुऊन निघत नाही.

दुपारी आभाळ दाटलं, वीज गेली. वाती वळायच्या म्हणून ती कापूस घेऊन देवघरात शिरली, तर वास तिच्याआधी तिथं येऊन बसलेला. आणि वासाबरोबर आवाज...

खर्र... खर्र...

कोरड्या तळव्यावर तळवा घासल्याचा. हा आवाज तिनं वर्षानुवर्षं ऐकला होता. सासूबाई, सरुबाई, वाती वळायच्या तेव्हा असाच यायचा. शेवटी शेवटी त्यांच्या तळहातांवर टणक दाणे उठले होते. कापूस त्यांत अडकून तुटायचा. त्यातलाच एक दाणा चिघळला, तो काही भरेना. कॅन्सर निघाला. तोवर तो छातीतही उतरला होता. त्या गेल्या त्यालाही आता बरीच वर्षं झाली.

"सासूबाई...?"

आवाज थांबला. वास थांबला नाही.

"कशाला आलात? ... लेकाला न्यायला?"

अंधारात कुणीतरी एक लांब श्वास आत घेतला.

ती कापसासकट धावत ओसरीवर आली. निरंजनरावांनी चष्म्यावरून पाहिलं. "घाबरलीस काय? आण इकडे, मीच वळतो." त्यांनी कापूस तळव्यावर घेतला, दुसरा तळवा फिरवला.

खर्र...

कापूस अडकला. तुटला. त्याचे तंतू तळव्यावर लोंबत राहिले.

वैजयंतीनं त्यांचा हात उजेडात ओढला. तळवाभर टणक दाणे. नखांवर आडव्या पांढऱ्या रेघा. पाठीवर काळे-पांढरे ठिपके तर तेल लावताना ती रोजच बघत होती, वय झालं म्हणून सोडून देत होती.

"अहो... सासूबाई दम्यावर काय घ्यायच्या?"

"मी घेतो तेच. लालबागच्या चुडामण वैद्यांची पिवळी पुडी. का गं?"

ती पुडी वैजयंती स्वतः रोज सकाळी सहाणेवर मधात खलायची, देवापुढे ठेवायची आणि मग त्यांना द्यायची. हरताळ भस्म. नाव ऐकलं तेव्हा तिला केवढा आनंद झाला होता! ज्या हरतालिकेला नवऱ्याचं आयुष्य मागायचं, तिचंच नाव औषधाला. ते अपाय कसा करील?

बोलणं ऐकून ओसरीवर आलेल्या तृप्तीनं मोबाईलवर पुडीचं नाव शोधलं. वाचता वाचता तिचा आवाज खाली खाली गेला.

"मम्मी... हरताळात आर्सेनिक असतं. जहर आहे ते. रोज थोडं थोडं पोटात गेलं तर आधी कातडीवर ठिपके येतात, मग तळव्यांना असे दाणे, हातापायांना मुंग्या. आणि पुढे कातडीचा कॅन्सर, फुफ्फुसाचा, मूत्राशयाचा... कधी कधी बीस-तीस साल बाद."

निरंजनराव हसले नाहीत. "जन्मभर पोरांना शिकवलं, हरताळ फासणे म्हणजे पुसून टाकणे. पोथीत चुकलेलं अक्षर हरताळ लावून पुसायचे म्हणे..." त्यांनी तळव्याकडे पाहिलं आणि वाक्य तिथंच सोडलं.

तृप्ती अजून वाचत होती. तिनं मान वर केली, हळूहळू सासूच्या जवळ आली.

"मम्मी, आर्सेनिकनं श्वासाला लसणासारखा वास येतो म्हणे. आता तुम्ही तोंड उघडा."

वैजयंतीनं श्वास सोडला. तृप्ती एक पाऊल मागे सरकली.

"लसूण... मम्मी, तुम्ही पण घेता ते?"

"नाही गं. नुसतं सहाणेला उरतं तेवढं. देवापुढचं टाकायचं कसं? चाटून घेते... प्रसाद म्हणून."

हरतालिकेच्या दिवशी पूजा उरकून तिघं दवाखान्यात गेली. डॉक्टरांनी पुड्यांची बरणी ठेवून घेतली, दोघांची लघवी तपासायला घेतली. निरंजनरावांच्या तळव्यावरचा एक दाणा जरा ओलसर होता, त्याचा तुकडा कापून पाठवला.

"आता बंद केलंत, हे फार चांगलं झालं," डॉक्टर म्हणाले. "अंगात आहे ते बरंचसं निघून जाईल. पण ते जे करून गेलंय, ते वर्षांनी डोकं वर काढू शकतं. तपासत राहायचं. आणि ताई, पाणी भरपूर प्या."

वैजयंतीनं निर्जळ उपास आयुष्यात पहिल्यांदा मोडला. नवऱ्यासाठीच धरला होता, नवऱ्याच्या हातचं पाणी पिऊन मोडला. देवी समजून घेईल, असं तिला मनापासून वाटलं.

संध्याकाळी घरात पत्रीचा ताजा, हिरवा वास होता. दुसरा कुठलाच नाही. दिवा लावून ती भिंतीवरच्या सरुबाईंच्या फोटोसमोर उभी राहिली. "तुम्ही सांगायला आलात, सासूबाई, आणि मी मेली भलताच संशय घेतला..."

फोटोची काच तोंडापाशी धुरकटली होती. तिनं पदरानं पुसली. धुरकटच राहिली. पुन्हा पुसली. मग तिच्या ध्यानात आलं की ओल काचेच्या आतून आहे. ती पसरत होती, आकसत होती... पसरत होती, आकसत होती...

आणि सरुबाईंच्या शेजारी, फोटोत जिथं कुणीच नव्हतं तिथं, ओलीचा दुसरा ठिपका उमटू लागला होता. अगदी छोटा. नुकताच श्वास घ्यायला शिकल्यासारखा, आणि वैजयंतीच्याच श्वासाच्या लयीत.