सात नंबरची डबी

या कामात किळस करून चालत नाही, असं थेरपिस्ट बाई सगळ्यांना सांगत आणि स्वतः मात्र श्वास रोखून डब्यांचं कपाट उघडत.

फुफ्फुसाच्या जुन्या रोग्यांचा व्यायामवर्ग होता तो. दहा खुर्च्या, दहा डब्या. सकाळी ज्याने त्याने खोकून कफ आपल्या नंबरच्या डबीत टाकायचा, बाईंनी त्याचं माप वहीत मांडायचं, मगच डबी फेकायची. मांडल्याशिवाय फेकायची नाही, हा बाईंचाच दंडक.

सात नंबरचे मास्तर वारले तेव्हा बाई रजेवर होत्या. त्यांची डबी मांडायची राहिली, म्हणून फेकायचीही राहिली.

बाई परतल्या तेव्हा तिच्यात तळाशी थोडासा कफ होता. दुसऱ्या दिवशी डबी अर्धी. हिरवट, तार सुटलेली घाण. वर मास्तर सतत चघळायचे त्या लवंगेचा वास.

"मावशी, सातमध्ये कोण थुंकतं?"

"मला काय विचारता? मी बोट लावत नाही त्याला," सफाईवाली मावशी फणकारली.

चार नंबरला बाईंचे वडील होते. त्यांची डबी त्याच आठवड्यात कोरडी पडली. सहा मिनिटांत तीनशे मीटर चालले, तरच सर्जन ऑपरेशन करणार होते. दोनशेवर धापा टाकणारे वडील दोनशे सत्तरवर आले.

"बघ पोरी, घोडा झालोय!"

बाई हरखल्या. सातची डबी मात्र काठोकाठ भरली होती.

चाचणीच्या सकाळी शिसारी असह्य झाली. बाईंनी झाकण गच्च आवळलं, न मांडताच डबी कचऱ्याच्या पिवळ्या पिशवीत टाकली आणि हात तीनदा धुतले.

वडील चाळीस मीटरवर भिंतीला टेकले. ओठ निळे पडले.

"पोरी... तोंड दाबलंय कुणी."

कोपऱ्यातली पिवळी पिशवी हलत होती.

बाईंनी कोपरापर्यंत हात घातला. बोटांना सगळ्यांचं चिकट लागलं. डबी कोमट होती. त्यांनी झाकण सैल केलं.

वडिलांनी श्वास घेतला.

झाकण दोन मोजेपर्यंत वर आलं. चार मोजेपर्यंत खाली बसलं. बाईंनीच वर्गाला शिकवलेली लय.

वडिलांची छातीही तशीच हलत होती.

दुपारी ते तीनशे दहा मीटर चालले.

"सात नंबर फेकू का?" कपाट पुसताना मावशीने विचारलं.

"अजून मांडली नाही," बाई म्हणाल्या, आणि तोंडात आलेली लवंगेची चव त्यांनी गिळून टाकली.