अकराचा ताळा

कालिंदीने सोळावा आकडा दाबला, तरी शीतपेटीवरचा दिवा लालच राहिला.

घाटमाथ्यावरच्या शीतनिद्रा केंद्रात तिची आई, गणितज्ञ वत्सला बोरवणकर, वीस वर्षं गोठून झोपली होती. तिच्या रक्तदोषावर आता औषध निघालं होतं. पण पेटी उघडायला जागृतिसंख्या हवी. ती कुठल्याही यंत्रात साठवायची नाही, निजणाऱ्याने स्वतः रचायची आणि घरच्या एकाच माणसाला तोंडी सांगायची, असा इथला शिरस्ता. वत्सलाबाईंनी शहाणीसुरती माणसं सोडून निवडलं ते आपल्या अकरा वर्षांच्या पोरीला!

"आता एकच संधी," केंद्रप्रमुख डॉ. हणमंत साबळे म्हणाले. "तीही चुकली तर पेटी चाळीस वर्षं उघडणार नाही."

कालिंदीने मनात हिशेब केला. तेव्हा ती एकाहत्तर वर्षांची असेल आणि आई अडतिसाचीच.

"पण मी ताळा पाहिला होता हो सर! आईनेच शिकवलेला, नवाचा. अंकांची बेरीज एक्क्याऐंशी, नऊने नेमका भाग जातो."

साबळ्यांनी तिची जुनी वही ओढून घेतली. आईने सांगितल्या तशा जोड्या तिने चौकटीच्या कागदावर उतरवल्या होत्या: ७८ ३३ १४ ६६ ३५ २६ ७७ ४९.

"नवाचा ताळा भोळा असतो, पोरी. अंकांची अदलाबदल झाली तरी बेरीज तीच, त्याला पत्ताच लागत नाही. अकराचा पाहिलास? इथल्या प्रत्येक संख्येला नऊ आणि अकरा, दोघांनीही निःशेष भाग जावा लागतो."

तिने भागाकार केला. बाकी चार उरली.

"सापडली चूक!" साबळे म्हणाले. "जोडी उलटली, की तिच्यातल्या अंकांच्या फरकाच्या दुपटीने बाकी सरकते. बाकी चार, म्हणजे फरक दोन."

फरक दोनचा होता फक्त पस्तीसमध्ये. आई म्हणाली असणार त्रेपन्न. तिने तीन आधी ऐकला आणि आधीच लिहिला. लहानपणी ती हमखास असंच करायची. शाळेतल्या बाई ओरडायच्या, आई नुसती हसायची.

पण आकडे दाबायच्या आधी ती थबकली. आणखी एखाद्या जोडीत फरक दोन असता तर? तिने पुन्हा पाहिलं. एक, दोन, तीन, चार, पाच. प्रत्येक फरक एकदाच. उरलेल्या तीन जोड्या सारख्या अंकांच्या, उलट्या लिहिल्या तरी त्याच. इतका मेळ आपोआप बसत नाही; कुठलीही एक जोडी उलटली तरी बाकीवरून ओळखू यावी, अशीच संख्या आईने रचली होती. कालिंदीला रडूच फुटलं.

डोळे पुसून तिने संख्या पुन्हा घातली, त्रेपन्न धरून. दिवा हिरवा झाला.

तिसऱ्या दिवशी वत्सलाबाईंनी डोळे उघडले. समोरची बाई आपलीच मुलगी, हे उमगायला त्यांना जरा वेळ लागला. मग त्यांचे सुकलेले ओठ हलले, तशी कालिंदी खाली वाकली.

"कुठली जोडी उलटली होतीस गं?"