साठ फुटांखालची घंटा

आम्ही निघालो होतो एक घंटा आणायला!

माझ्या आजोबांनी स्वतःच्या हातांनी ओतलेली, आणि स्वतःच्याच होडीवर टांगलेली काशाची घंटा. चाळीस वर्षांपूर्वी होडी बुडाली. माणसं वाचली, घंटा गेली. गेल्या महिन्यात ती कासवाला सापडली. कासव म्हणजे पाण्याखालचा माझा जोडीदार. एका सिलिंडरवर इतरांच्या दीडपट वेळ खाली राहतो, म्हणून हे नाव. साठ फुटांवर, कलंडलेल्या होडीच्या कमानीत, हिरवी पडलेली घंटा अजून लटकत होती.

"लोलकासकट!" तो म्हणाला होता. "कुणी आत्ताच वाजवून गेल्यासारखी."

इकडे बाबांच्या कानातलं हाड आखडत चाललं होतं. उजवा कान गेलाच होता, डाव्यानंही बांधाबांध सुरू केली होती. तपासताना डॉक्टरांनी नाद काढणारा दुटोकी काटा त्यांच्या कपाळावर टेकवला, तेव्हा हाडातून आवाज ऐकू येऊन ते लहान मुलासारखे हसले. तोच काटा कानाशी नेला, तर काही नाही. पुढच्या हंगामापर्यंत किती ऐकू येईल, हे डॉक्टरांनाही सांगता येईना. आणि बाबांचं मागणं एवढंच, की वडिलांची घंटा एकदा कानी पडावी. नादात देव असतो, असं मानणारा माणूस तो. आज हंगामाचा शेवटचा दिवस होता. उद्यापासून बंदर चार महिने बंद.

नौका आत्याची, सुकाणूही तिच्याच हाती. धक्क्यावर उभी राहून तिनं वारा हुंगला.

"जाऊन बघू. पण बघायला जाणं वेगळं आणि उतरणं वेगळं. कळलं का गं?"

"कळलं."

"काही कळलेलं नाही. तोंडावर दिसतंय." मग बाबांकडे वळून ती ओरडली, "दादा, तू घरी थांब!"

"हो हो, आलोच की!" म्हणत बाबा नौकेत चढलेसुद्धा. त्यांचा बहिरेपणा कधीकधी फार सोयीचा असे.

बंदर मागे पडलं आणि सकाळ विरघळल्यासारखी झाली. आकाश कुठे संपतं, पाणी कुठे सुरू होतं, कळेना. करड्या, रुंद लाटा एकामागून एक संथपणे येत होत्या, नौकेला तळहातावर उचलून पुन्हा खाली ठेवत होत्या, आणि त्या झोक्यांत मला वाटू लागलं, आपण पाण्यावर नाहीच, कुणाच्या तरी श्वासावर तरंगतो आहोत. बाबा नौकेच्या पुढच्या टोकाला, नाळेपाशी, डोळे मिटून बसले होते. ओठ मात्र हलत होते. नामस्मरण चाललं असणार.

जागेवर पोचलो. नांगर टाकला. आणि समुद्राचा पूर्वरंग संपला! लाटा उंचावल्या, जवळजवळ येऊ लागल्या. मागची लोखंडी शिडी पाण्याबाहेर येई आणि धाडकन आत आदळे.

"खाली शांत असेल," मी म्हणाले.

"खाली असेल," कासव म्हणाला. "पण परत यायचंय याच शिडीवरून. ती डोक्यात बसली तर?"

"मग पुढच्या हंगामात बाबांना काय ऐकवू? फोटो?"

आत्या लाटा न्याहाळत होती. "दोन लाटांत जरा उसंत मिळतेय," ती शेवटी म्हणाली. "तुम्ही दोघं ठरवा. पण नियम तोच. एकानं जरी अंगठा दाखवला, तर डुबकी रद्द. वाद नाही."

पाण्याखाली अंगठा वर करणं म्हणजे 'वर चला'. का, कशासाठी, हे कुणी विचारायचं नसतं.

मी सिलिंडर चढवला. मास्क लावला. पायांत पंखे घातले. काठावर बसले. कासव समोर. तेवढ्यात बाबांनी माझ्याकडे पाहिलं, काळजीनं भुवया उंचावल्या, आणि मी घरच्या सवयीनं उत्तर दिलं. त्यांना ऐकू येईनासं झाल्यापासून आमच्या घरात खुणांचीच भाषा होती : झकास, काळजी नको.

मी अंगठा वर केला!

"रद्द!" कासव गरजला.

"अरे, तो बाबांना होता!"

"दिसला म्हणजे दिसला," आत्या म्हणाली. "आत ये. आत्ता!"

मी चिडून पाय आत घेतले. आणि लाट आली. भिंतच! नौका उभी राहिली. सिलिंडर गडगडले. मी बाबांना मिठी मारली. मागे कडाकडा आवाज झाला. पाणी ओसरलं तेव्हा शिडी नव्हती. काठावर, मी बसले होते तिथे, दोन वाकडे खिळे उरले होते.

इंजिनही बंद पडलं.

"नांगराचा दोर किती वेळ धरेल?" मी विचारलं.

"देव धरील तितका," आत्या म्हणाली. "कासवा, इंजिन बघ!"

तो तळात उतरला, आडवा झाला. मिनिटभर काही नाही. मग त्याचा चमत्कारिक स्वर आला, "सगळे गप्प राहा!"

आम्ही गप्पच होतो.

"बाबांना खाली पाठवा. लवकर!"

मी बाबांना धरून उतरवलं. कासवानं त्यांचा हात नौकेच्या ओल्या फासळीवर ठेवला. बाबांना काही उमजेना. मग मला डॉक्टरांचा तो काटा आठवला. मी त्यांचं डोकं हलकेच पुढे झुकवलं आणि कपाळ लाकडाला टेकवलं. माझंही शेजारी टेकवलं.

टण्ण...

खूप खोलवरून, पाण्याच्या सगळ्या थरांतून गाळून आलेला नाद. एक लाट गेली. टण्ण... शांत समुद्रात घंटा मुकीच राहिली असती. जी लाट आम्हांला उतरू देत नव्हती, तीच खाली लोलक हलवत होती!

बाबांचे डोळे भरून आले. "अण्णा," ते एवढंच म्हणाले. आजोबांना ते अण्णा म्हणत.

मला तिथून हलावंसं वाटेना. लाकूड गुणगुणत होतं, पाणी टाळ धरत होतं. कासव इंजिन विसरून आमच्याकडे पाहत बसला होता.

"अरे, दोराचे पेड सुटतायत!" वरून आत्या ओरडली. "मेलात की काय सगळे?"

कासव भानावर आला. दोन झटके. तिसऱ्याला इंजिन धडधडलं, आणि त्या आवाजात घंटा बुडून गेली.

बाबा सावकाश उभे राहिले. वर आले. आत्याकडे पाहिलं आणि ओल्या चेहऱ्यानं हसत अंगठा वर केला.

आत्यानं पदरानं डोळे पुसले आणि सुकाणू फिरवलं.

"अंगठा दिसला," ती म्हणाली. "चला घरी."