नाकाच्या वाटेने गेलेली नथ

दापोलीजवळच्या रोपवाटिकेत पाण्याचा नवा हौद बांधला, तेव्हा सावनी सात वर्षांची होती. ओल्या सिमेंटवर तिनं आणि बाबांनी शेजारीशेजारी एकेक पाऊल उमटवलं होतं. आता २०५१ साल उजाडलं होतं आणि ती अकरा वर्षांची झाली होती. एका सकाळी तिनं सहज आपल्या ठशात पाय ठेवून पाहिला. चांगली तीन बोटं बाहेर आली. ती वाढत होती, त्यात नवल नव्हतं.

"बाबा, आता तू ठेव!"

बाबांनी हसत पाऊल ठेवलं. तेही मावेना.

"तू अजून वाढतोयस?"

बाबांनी थट्टेवारी नेलं, पण सावनीला काही हसू येईना. बेचाळीस वर्षांच्या माणसाचा पाय वाढतो कसा? मग तिला एकेक आठवू लागलं. बाबांची अंगठी साबण लावूनही निघत नव्हती. आंब्याची कलमं ते पूर्वी डोळे मिटून बांधायचे. हल्ली तीच बोटं अडखळत होती.

तिनं लगेच चिपळूणला नानांना फोन लावला. नाना म्हणजे तिच्या आईचे वडील. शस्त्रक्रिया करणारे यंत्रमानव बनवायचे. तिचं सगळं ऐकून ते म्हणाले, "उद्याच घेऊन ये त्याला."

चिपळूणच्या रुग्णालयात तपासण्या झाल्या. बाबांच्या डोक्यात गाठ निघाली. आई बाबांपाशी थांबली. सावनी बाहेरच्या बाकावर मुसमुसत होती. नानांनी शेजारी बसून डबा उघडला आणि उसळीतला एक मटार बोटावर घेतला.

"मेंदूच्या तळाशी एवढीशी ग्रंथी असते. पीयूषिका तिचं नाव. डॉक्टर तिला पिट्युटरी म्हणतात. घोड्याच्या खोगिरासारख्या हाडाच्या खोबणीत ती बसते आणि तिथून संप्रेरकं (रक्तातून जाणारे रासायनिक निरोप) पाठवते. त्यातला एक निरोप असतो, 'वाढा!' तुझ्या शरीराला तो हवाच. पण बाबांच्या ग्रंथीवर गाठ झालीय आणि ती तोच निरोप सारखा पाठवत सुटलीय. मोठ्या माणसाची हाडं लांब होत नाहीत, म्हणून जाड होतात. हात, पाय, जबडा."

"म्हणजे कॅन्सर?"

"नाही गं बाळा. पण वेळेवर काढायला हवी. नाहीतर हृदय थकतं, नजरही जाऊ शकते."

"मग डोकं उघडणार?" सावनीचा आवाज चिरकला.

"छे! नाकातून जायचं. नाकाच्या मागे हाडात एक पोकळ खोली असते. तिची मागची भिंत ओलांडली की समोर ग्रंथी. मेंदूला धक्कासुद्धा लागत नाही."

मग नानांनी तिला आपला नवा यंत्रमानव दाखवला. विणायच्या सुईसारखा बारीक, टोकाला कॅमेरा आणि दोन इवले हात. नाकात जाणारा म्हणून नानांनी त्याचं नाव ठेवलं होतं नथ.

"तुला भीती नाही वाटत?" सावनीनं विचारलं.

"नाही," नथ म्हणाली. "भीती नसली की माणसं थांबत नाहीत. म्हणून नानांनी मला आधी थांबायला शिकवलं."

शस्त्रक्रियेच्या दिवशी डॉक्टर हलिमा मुकादम पडद्यासमोर बसून नथीला चालवत होत्या. बाहेर नाना आणि सावनी दुसऱ्या पडद्यावर बाबांच्या डोक्याचा रंगीत नकाशा पाहत होते. निळी नाकाची वाट, पिवळी गाठ, दोन्ही बाजूंना लाल धमन्या (हृदयाकडून रक्त नेणाऱ्या नळ्या) आणि वर डोळ्यांच्या नसा. पिवळा रंग हळूहळू आक्रसत गेला. राईएवढा उरला, आणि नथ थांबली.

"पुढे धमनी आहे," तिचा आवाज आला. "गाठ तिला चिकटलीय."

डॉक्टरांनी दोन बाजूंनी निरखून पाहिलं. "राहू दे तेवढं," त्या म्हणाल्या.

"अर्धवट का सोडलं?" सावनी उसळलीच.

नानांनी तिचा हात घट्ट धरला. "ओढायला गेलो आणि धमनी फाटली, तर बाबा हातचा जाईल. उरलेल्या कणासाठी इंजेक्शनं आहेत. आता बघ, बाबांच्याच पोटाची चिमूटभर चरबी घेऊन नथ हाडातलं भोक बुजवेल. ठिगळ लावतात ना, तसं."

दुपारी बाबा जागे झाले. नाक बंद, आवाज गेंगाणा. रक्त तपासलं, तर 'वाढा'चा निरोप पुष्कळ कमी झाला होता. "जाड झालेली हाडं तशीच राहतील," डॉक्टरांनी सांगितलं, "पण सूज उतरेल, बोटं मोकळी होतील." सावनीनं बाबांचा मोठा पंजा आपल्या गालाशी धरला. तो तिला मुळीच परका वाटला नाही.

पुढच्या आठवड्यात नथ गडचिरोलीला निघाली. तिथल्या एका बाईंना अशीच गाठ होती. डॉक्टर मुकादम इथूनच तिला चालवणार होत्या. त्या बाईंना सावनीएवढीच मुलगी आहे असं नानांनी सांगितलं, तेव्हा सावनीनं कागद ओढला. तिनं मटाराएवढ्या ग्रंथीचं चित्र काढलं, नाकाची वाट निळी रंगवली आणि खाली लिहिलं:

"नथ मध्येच थांबली, तर रडू नकोस. ती तुझ्या आईला जपत असेल. नंतर आईला नाक शिंकरू देऊ नकोस, आतलं ठिगळ सुटेल. शिंक आलीच, तर तोंड उघडून शिंकायला सांग. नाकातून पाणी गळलं किंवा सारखी तहान लागली, तर लगेच डॉक्टरांना बोलव, असं आम्हाला सांगितलं होतं. आणि तिच्या गेंगाण्या आवाजाला खुशाल हस. मी खूप हसले. बाबाही."